साडेचारशे विकत का नाहीस?

माझ्याकडे साडेचारशे सीसीची मोटोक्रॉसची, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीची, गाडी आहे; आधी अडीचशे होती. गेल्या दीड वर्षात हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता समोरच्याने नुसतं "काय रे, गाडी..." म्हटलं तरी पुढचं कळतं. "अडीचशेवर तुझा हात मस्त बसला होता. साडेचारशेवर तू उलट हळू जातोस. मग विकून का टाकत नाहीस?" रविवारच्या मुलांनी विचारलं, मेकॅनिकने विचारलं, बायको तर रोजच विचारते, फक्त तोंडाने नाही. परवा सोसायटीतले एक काका लिफ्टमध्ये म्हणाले, "साडेचारशेचं एवढं काय? आमच्या जावयाकडे साडेतीनशेची बुलेट आहे की." तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच काय ते सांगतो, आणि काकांपासूनच सुरुवात करतो.

काका, जावयाची बुलेट १९५ किलोच्या घरात आणि तिला २० एचपी. माझ्या गाडीचं वजन ११०च्या आसपास, म्हणजे साध्या स्प्लेंडरएवढं. स्प्लेंडरला ८ एचपी असतात. हिला ५०च्या वर. हेडलाइट नाही, नंबरप्लेट नाही, साइड स्टँडसुद्धा नाही. उभी करायची तर पोटाखाली लोखंडी स्टूल सरकवावं लागतं. रस्त्यावर आणायला पासिंग नाही, म्हणून दर रविवारी पहाटे छोटा हत्ती करायचा आणि कासारवडवलीहून मुंब्रा बायपास, शिळफाटा करत तळोज्याच्या पलीकडे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक जागेवर जायचं. तिथे आम्ही वर्गणी काढून जेसीबीने ट्रॅक करून घेतलाय.

आता बाकीच्यांकडे येतो. अडीचशेवर मी चांगला होतो, हे तुम्हीच म्हणता आणि तिथेच गोची आहे. अडीचशेला ४०च्या आसपास एचपी असतात, पण ते सगळे वरच्या मजल्यावर राहतात. इंजिन किंचाळत ठेवलं तरच हाताला लागतात. वळणातून चुकीच्या गिअरमध्ये बाहेर आलात? क्लचला एक झटका द्या, कान, म्हणजे रेसची मूठ, पूर्ण पिळा आणि धरून ठेवा. गाडी सांभाळून घेते. आवाज असा की आपण जगज्जेते. चार वर्षं मी समजत होतो की माझं मनगट तयार झालंय. प्रत्यक्षात त्याला दोनच गोष्टी येत होत्या, चालू आणि बंद. घरातल्या ट्यूबलाइटसारखं.

साडेचारशे खालूनच ओढते. चतुर्थांश पिळलं तरी मागचं चाक मुरूम उकरायला लागतं. अडीचशे जिथे दुसऱ्यात नेता तिथे ही तिसऱ्यात न्यायची, तिला ओढू द्यायचं, ओरडू द्यायचं नाही. आणि कान सोडलात की इंजिनच ब्रेक लावतं. मागून कोणीतरी सीट धरून ठेवल्यासारखं वाटतं, पुढचे शॉकअप बसतात आणि वळणात गाडी आडवी व्हायला कुरकुर करते. हे सगळं मला घ्यायच्या आधीही माहीत होतं. एवढंच कशाला, कळंबोलीच्या गॅरेजमध्ये एका पोराला मी स्वतः ऐकवलं होतं, "सीसी वाढवली की अक्कल कमी होते." तो पोरगा अजून भेटला की हसतो.

मग घेतली का? बोनस आला होता, आणि पुण्यात एकाकडे सेकंडहँड बरी मिळाली, हे मी सगळ्यांना सांगतो. खरं कारण म्हणजे एकोणीस वर्षांचा एक मुलगा माझ्यासारख्याच अडीचशेवर वळणात आतल्या बाजूने मला मागे टाकून गेला, सलग तीन रविवार. मी ३९चा. १५ घोडे विकत घेऊन २० वर्षं भरून काढायची, असा तो हिशोब होता. बायकोला मात्र मी नियम सांगितला, की मोटोक्रॉसच्या जागतिक स्पर्धेत अडीचशेच्या वर्गाला २३ वर्षांची वयोमर्यादा आहे, त्यानंतर साडेचारशेच्याच वर्गात जावं लागतं. नियम खरा आहे. ती म्हणाली, "आणि एकोणचाळीसला काय देतात?"

साडेचारशे घेतल्यावरचा तिसरा रविवार. नोव्हेंबर, पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला होता. मुरूम वरून सुकलेला, आतून ओला. डावं वळण आणि लगेच छोटा टेबलटॉप, म्हणजे सपाट माथ्याचा उडीचा उंचवटा. तिथे अडीचशे मी हजार वेळा दुसऱ्यात नेली असेल. त्या दिवशी हीसुद्धा दुसऱ्यातच होती. आमचे टेम्पोवाले काका नेहमीच्या जागी, ट्रॅकच्या पट्टीपासून चाळीसेक फुटांवर, निळा कॅन पालथा घालून त्यावर बसलेले. बाजूला थर्मास, हातात पेपर.

वळणातून बाहेर आलो आणि सवयीने कान पूर्ण पिळला. पुढचं चाक छातीसमोर आलं. माणूस मागे फेकला जातो तेव्हा हात ताणले जातात, हात ताणले की उजवं मनगट आपोआप खाली वळतं आणि गाडीला आणखी रेस मिळते. रेस मिळाली की माणूस आणखी मागे. क्लच दाबला की संपलं. पण हात भरून आले होते, म्हणून चारही बोटं हँडलला गुंडाळलेली. क्लचवर एक बोट ठेवायचं असतं, हे मी नवीन पोरांना शिकवतो.

गाडीने पट्टी तोडली आणि सरळ काकांकडे निघाली. मला त्यांचा पेपर दिसला, मग पेपर खाली आला आणि त्यांचा चेहरा दिसला. त्यांनी आधी थर्मास उचलला. मग उठले. हा क्रम मला अजून रात्री आठवतो. ते डावीकडे पळाले, मी कॅनवरून गेलो आणि छोट्या हत्तीच्या फाळक्यावर आदळलो.

गाडी आडवी पडून तशीच ओरडत होती. पोरांनी येऊन बटण दाबलं. मग एकदम इतकी शांतता झाली की तळोज्याकडचे ट्रेलर ऐकू आले. कोणीतरी ओरडलं, "हेल्मेट काढू नका!" काका माझ्याजवळ उकिडवे बसले. रागावलेले अजिबात नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं.

"दादा, तुम्ही सोडलं का नाही?"

"सुटलं नाही काका."

"सुटलं नाही म्हणजे? हात तुमचाच ना?"

उजवी कॉलरबोन. प्लेट, सात स्क्रू, तीन महिने घरी. त्याच टेम्पोच्या केबिनमध्ये बसून ठाण्याला आलो, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला काका गाडी जवळजवळ थांबवत होते. नंतर त्यांनी फाळक्याचे पैसे घेतले, त्या दिवसाचं भाडं घेतलं नाही. मी खूप आग्रह केला. त्यांनी न घेतल्याचं मला जास्त लागलं.

तेव्हा "एवढा घाबरलास तर विक" म्हणणाऱ्यांनो, हो, घाबरलो. स्वतःसाठी कमी, त्या निळ्या कॅनसाठी जास्त. पण परत गेलो तेव्हा मी वेगळं काही केलं नाही असं नाही. मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, ५० दातांचं होतं, ४८चं बसवलं, म्हणजे प्रत्येक गिअर थोडा लांबतो आणि झटका बोथट होतो. इंजिनचा मॅप, म्हणजे रेसला ते किती जोरात उत्तर देतं ते सेटिंग, सौम्य केला. दोन रविवार पूर्ण ट्रॅक फक्त तिसऱ्या गिअरमध्ये, चतुर्थांश रेसच्या वर न जाता मारला. पोरं पोट धरून हसत होती. गाडी हातांनी नाही, गुडघ्यांनी धरायची, हे वाक्य मी शंभर वेळा बोललो असेन. माझ्या मांड्यांना ते त्या दोन रविवारी कळलं.

आकडे हवेत ना? अडीचशेवर माझी लॅप १ मिनिट ३२ सेकंद होती. साडेचारशेवर सुरुवातीला १:४१. आता १:३५. तीन सेकंदांसाठी तुम्ही मला दीड वर्ष छळताय.

आणि एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. गेल्या महिन्यात सगळे गेल्यावर त्याच एकोणीस वर्षांच्या मुलाची अडीचशे मागून घेतली. १:२९. आयुष्यातली सगळ्यात चांगली लॅप. म्हणजे तुमचंच बरोबर, शिकायचं ते शिकून झालं, आता अडीचशेवर परत ये. मीही घरी जाताना शिळफाट्यापर्यंत हेच म्हणत होतो. पण त्या गाडीवर मी तिसऱ्याच लॅपला ट्यूबलाइट झालो होतो, पूर्ण किंवा बंद, आणि तिने मला एकदाही टोकलं नाही. हे कारण आहे की सबब, मला ठरवता येत नाही. गॅरेजमध्ये अक्कल शिकवणारा मी असतो तर म्हणालो असतो, सबब. त्याला १:२९ कधी लागली नव्हती, एवढंच माझ्याकडे उत्तर आहे, आणि ते काही फार चांगलं उत्तर नाही.

जाहिरातीसाठी फोटो दोनदा काढलेत. दुसऱ्यांदा तर गाडी धुऊन काढले. फोनमध्ये आहेत.

शनिवारी काकांचा फोन आला, उद्या यायचं का. म्हटलं, या, साडेचारला.

"कुठली गाडी?"

"तीच."

"बरं," ते म्हणाले. "मी टेम्पो जरा लांबच लावतो."