तीन वर्षं थांबायचं का?

आज भाची सुट्टीला घरी आली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागून आठ महिने झालेत. डीएड, बीए, टीईटी ही पात्रता परीक्षा, टेट ही भरतीची अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव कधी येतंय याची वाट. एवढं करून मानधन महिना १६,००० रुपये, तेही कायम होईपर्यंतची तीन वर्षं. २०२३ च्या आधी तर ६,००० होतं!

तिच्या बरोबरीची मैत्रीण तलाठी झाली. तीही पदवीधर, सरकारही तेच. पण तिला पहिल्या महिन्यापासून पूर्ण वेतनश्रेणी, वर महागाई भत्ता.

कायम झालेल्या शिक्षकाचा पगार कमी आहे असं मी म्हणणार नाही, मूळ वेतनच २९,२०० पासून सुरू होतं. माझा राग या तीन वर्षांवर आहे. पहिलीचा वर्ग पहिल्या दिवसापासून पूर्ण तिच्याच जबाबदारीवर आहे ना? मग पगार अर्धवट का? खोलीभाडं, एसटी, वर्गातल्या दोन-तीन पोरांच्या वह्या, सगळं त्याच १६,००० मधून.

जेवताना विचारलं, "पैसे पुरतात का गं?"

"मावशी, एक पोरगा आता जोडाक्षरं वाचायला लागलाय," म्हणाली.