गाठीतील गर्दी आणि तीन औषधे

गेल्या आठवड्यात हॉजकिन लिम्फोमा हा लसिका ग्रंथींचा कर्करोग उलटलेल्या एका तरुण रुग्णाच्या मानेतील गाठीची स्लाइड माझ्याकडे तपासणीला आली. केमोथेरपी झाली होती, स्वतःच्याच स्टेम सेलचे प्रत्यारोपणही झाले होते. घुबडाच्या डोळ्यांसारखी दोन केंद्रके असलेली रीड-स्टर्नबर्ग पेशी सापडेपर्यंत स्लाइड बरीच सरकवावी लागली, कारण या आजारात खऱ्या कर्कपेशी गाठीत अगदी थोड्या असतात आणि बाकी सारी गर्दी लिम्फोसाइट, इओसिनोफिल अशा आपल्याच प्रतिकारयंत्रणेच्या पेशींची असते. पोलीस चौकीच्या ओट्यावर चोराने निवांत बसावे, तसा हा प्रकार आहे.

हे पोलीस गप्प का बसतात, हे आता बरेचसे कळले आहे. नवव्या गुणसूत्राच्या एका भागाच्या जादा प्रती झाल्याने कर्कपेशी पीडी-एल१ हे प्रथिन भरपूर तयार करते आणि ते टी पेशी या लढाऊ लिम्फोसाइटवरील पीडी-१ या प्रथिनाला चिकटून त्यांना थोपवून धरते. निव्होलुमॅब हा अटकाव दूर करते, इपिलिमुमॅब सीटीएलए-४ हा दुसरा लगाम सैल करते, तर ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन कर्कपेशीवरचे सीडी३० हे प्रथिन ओळखून तिच्यातच विष नेऊन सोडते. कामे वेगवेगळी असल्याने ही औषधे एकत्र देऊन पाहण्याचा विचार ओघानेच आला.

अमेरिकेतील अशा एका चाचणीचा पहिला टप्पा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रेंटुक्सिमॅबसोबत इपिलिमुमॅब दिल्यावर ५७ टक्के, निव्होलुमॅब दिल्यावर ६१ टक्के आणि तिन्ही एकत्र दिल्यावर ७३ टक्के रुग्णांत आजार तपासणीत पूर्णपणे नाहीसा झाला. आकडे मोहात पाडणारे आहेत खरे; पण प्रत्येक गटात जेमतेम वीसेक रुग्ण होते, आणि ग्रेड ३-४चे, म्हणजे गंभीर दुष्परिणाम निव्होलुमॅबच्या जोडीत १६ टक्के असताना तिन्ही औषधांच्या गटात ५० टक्क्यांपर्यंत गेले. लगाम सैल झालेल्या टी पेशी आतडे, यकृत, फुप्फुस, थायरॉइड यांनाही सोडत नाहीत. त्यामुळे तिसऱ्या औषधाची घाई करू नये, असे माझे मत आहे. अर्थात मी पडलो पॅथॉलॉजिस्ट, औषध लिहिणारा नव्हे.

अहवालात सीडी३० पॉझिटिव्ह असल्याचे नोंदवले आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. पुढे भावंडाच्या स्टेम सेलचे प्रत्यारोपण करण्याचा त्यांचा विचार आहे. निव्होलुमॅबनंतर असे प्रत्यारोपण केल्यास दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर उलटण्याचा धोका वाढतो, म्हणून मधले अंतर किती ठेवायचे यावरच आमचे बोलणे अधिक झाले.