विद्यार्थी की कामगार? एका रकान्यात अडकलेले साडेचार महिने

शेतीकामात नवी माणसं यावीत म्हणून आमच्या महिला मजूर गटाने एक कृषी महाविद्यालय आणि 4 शेतकरी यांच्याशी भागीदारी जुळवली. मजुरी करणाऱ्या बायका, शेती नसलेल्या घरांतली तरुण मुलं आणि 2 कर्णबधिर उमेदवार, असे 21 जण. त्यांना ट्रॅक्टर, फवारणी आणि कलमं करायला शिकवायचं होतं. शेतकरी पहिल्याच बैठकीत तयार झाले, अभ्यासक्रम आठवड्यात ठरला. मग करार महाविद्यालयाच्या कार्यालयात गेला आणि साडेचार महिने तिथून हललाच नाही.

कारण एक रकाना: 'प्रशिक्षणार्थीचा प्रकार: विद्यार्थी / कामगार'.

विद्यार्थी लिहावं तर प्रवेश क्रमांक नाही, म्हणून महाविद्यालयाचा अपघात विमा लागू नाही. कामगार लिहावं तर मालक कोण? शेतकरी म्हणाले, ही माणसं शिकायला आलीत, आमच्याकडे कामाला नाहीत. महाविद्यालय म्हणालं, शेत आमचं नाही. फाइल प्रशिक्षण विभागातून विधी विभागात, तिथून लेखा विभागात आणि 'अभिप्रायासाठी' पुन्हा प्रशिक्षण विभागात. मी दर सोमवारी जाऊन बसायचे. तिसऱ्या महिन्यात कळलं, आमचं खुलाशाचं पत्र फाइलला लागलेलंच नव्हतं. तोवर हंगाम सरला. 6 जण दुसऱ्या कामाला लागले. त्यातली एक ट्रॅक्टर शिकायला सगळ्यांत उत्सुक होती. तिचं नाव यादीतून खोडताना आलेला राग अजून उतरलेला नाही.

वाट सापडली ती आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2001 सालच्या 184 क्रमांकाच्या करारात. तो शेतीतल्या सुरक्षितता आणि आरोग्याबद्दल आहे. हंगामी आणि तात्पुरत्या मजुरांनाही कायम मजुरांइतकंच संरक्षण मिळावं, असं त्यात आहे. ज्या देशांनी तो मंजूर केला त्यांच्यावरच तो बंधनकारक आहे, पण मसुदा लिहायला त्याचा आधार कोणीही घेऊ शकतं. मी तो मुद्दा टेबलावर ठेवला आणि बोलणं पहिल्यांदाच माणसाच्या प्रकारावरून कामातल्या धोक्यावर आलं. रकाना काढून टाकला. त्याजागी एक पान जोडलं: काम कोणतं, त्यात धोका काय, देखरेख कोणाची, दुखापत झाली तर उपचारांचा खर्च कोणाचा, विमा कोण काढणार. प्रत्येक कामासमोर एकाच पक्षाचं नाव. 11 दिवसांत सह्या झाल्या! तुम्ही हे पान पहिल्याच दिवशी घेऊन जा.

विद्यावेतन करारातच लिहून घ्या. शिकण्याचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी, आणि ती सोसणं सगळ्यांना जमत नाही.

हातमोजे आणि बूट मागवण्याआधी मापं घ्या. आमच्याकडे आले ते सगळे पुरुषी मापाचे, आणि सैल हातमोज्यातून औषध आत उतरतं. 16 लिटरचा पाठीवरचा पंप भरला की 20 किलोच्या आसपास जातो. काहींना तो अर्धाच भरून द्यावा लागला. ट्रॅक्टर थांबवायची खूण कर्णबधिर मुलांनीच ठरवली आणि शेतकऱ्यांसकट सगळे ती शिकले. इंजिनाच्या आवाजात ती ऐकू येणाऱ्यांनाही उपयोगी पडली.

आणि फाइलला जोडाल त्या प्रत्येक कागदाची पोच घ्या, आवक क्रमांकासकट. ती पोच माझ्या हातात असती तर ते 6 जण पहिल्या तुकडीत असते.