अ‍ॅम्बॅसॅडरचा क्रँक: हेड न उघडता

अ‍ॅम्बॅसॅडरच्या जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचा क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीवर फिरणारा मुख्य दांडा) बदलायला हेड (इंजिनाचं वरचं झाकण), पिस्टन, कॅमशाफ्ट काढावेच लागतात असं नाही. इंजिन मात्र गाडीतून उतरवावं लागतं. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघा. चारही सिलिंडर जवळपास सारखे असतील तरच या वाटेला जा. बेअरिंग जळून चुरा तेलात फिरला असेल, तर सरळ सगळं खोला. ब्लॉकच्या तेलवाटा धुतल्याशिवाय नवा क्रँक टिकणार नाही.

इंजिन स्टँडवर उलटं करा. क्लच, फ्लायव्हील, मागची प्लेट, चेंबर (तळाचं तेलाचं भांडं), तेलाची जाळी, पुली, टायमिंग कव्हर, चेन काढा. क्रँकला धरून ठेवणाऱ्या प्रत्येक बेअरिंग कॅपवर नंबर आहे ना, बघा. नसेल तर पंच मारा. बिगेंड, म्हणजे पिस्टनच्या रॉडची क्रँककडची टोकं, तिरके कापलेले असतात, त्यामुळे कॅप सुटल्यावर रॉड जरासा आत सारावा लागतो. जरासाच! जुन्या बोअरला वरच्या टोकाशी कड पडलेली असते. पिस्टन नेहमीच्या टप्प्यापलीकडे गेला की रिंग तिथे अडकून तुटते, आणि हेड बसलेलं असल्याने ते कळतही नाही.

क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारी मेन बेअरिंग तीनच. मागची कॅप घट्ट असते. ती पुलरने काढा, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका.

नव्या क्रँकचं प्रत्येक जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजा. शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) त्याच मापाचे घ्या: जर्नल घासून जितकं बारीक झालं असेल तसे दहा, वीस, तीस किंवा चाळीस थाऊ (इंचाचा हजारावा भाग). क्रँकच्या आतली भोकं रॉकेल आणि तारेच्या ब्रशने साफ करून हवा मारा. ग्राइंडिंगची भुकटी तिथेच लपते.

क्रँकची पुढे-मागे हालचाल रोखणारे थ्रस्ट वॉशर मधल्या मेनच्या दोन्ही बाजूंना बसवा, खाचा क्रँककडे तोंड करून. मेन कॅप ७० फूट-पाउंडला कसा, बिगेंडच्या ३५ ला. क्रँकची पुढे-मागे हालचाल दोन ते तीन थाऊ हवी. प्रत्येक कॅप कसल्यावर क्रँक फिरवून बघा. एखाद्या कॅपनंतर तो जड झाला, तर दोष त्याच कॅपखाली आहे.

बहुतेक जण इथे चेन चढवून मोकळे होतात. पण क्रँक बदलला की क्रँक आणि कॅमशाफ्टवरची दोन्ही स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) एका रेषेत राहतीलच असं नाही. सरळ पट्टी लावा, फिलर गेजने फरक मोजा आणि क्रँकच्या स्प्रॉकेटमागचे शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करा. तिरकी चेन लवकर झिजते. मग दोन्ही स्प्रॉकेटच्या खुणा समोरासमोर आणून चेन बसवा.

पहिल्यांदा चालू करण्याआधी प्लग काढून, ऑइलच्या काट्यावर प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टर फिरवा.