‘गल्वा’चा आघात

व्हिल्निअसहून सकाळी निघून लिथुआनियाच्या पूर्वेकडच्या एका खेड्यात ध्वनिमुद्रणाला गेले होते. फेब्रुवारी महिना, अंगणात गुडघाभर बर्फ. आजी ऐंशीच्या पुढच्या. एकेका नामाची विभक्तिरूपं त्यांच्याकडून म्हणवून घ्यायची, एवढंच माझं काम.

आपल्याकडे लिथुआनियन म्हटलं की लगेच संस्कृत निघतं. वृक, म्हणजे लांडगा, तो ‘विल्कस’; सूनु, म्हणजे मुलगा, तो ‘सूनुस’. नातं खरंच आहे. पण या भाषेचे जवळचे नातलग तिच्या शेजारीच नांदतात. लांडग्याला रशियनमध्ये ‘वोल्क’ म्हणतात, पोलिशमध्ये ‘विल्क’. लिथुआनियनची बाल्टिक आणि रशियन-पोलिशची स्लाव्हिक या दोन्ही शाखा एकाच आईच्या लेकी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी मात्र १९०८ मध्ये शंका काढली होती, की दोन्ही शाखा वेगवेगळ्याच वाढल्या आणि सारख्या वाटेनं गेल्या. ती शंका मला कधीच फालतू वाटली नाही. शब्द तर उसनेही आणता येतात. आजींनी पुढ्यात ठेवलेला चहा, ‘अरबाता’, पोलिशमधून आलेला. पुस्तकाचा ‘क्नीगा’ हा शब्दही स्लाव्हिक शेजाऱ्यांचाच.

“डोकं,” मी म्हटलं. आजी म्हणाल्या, “गल्वा.” आघात, म्हणजे उच्चारातला जोर, शेवटच्या अक्षरावर. मग द्वितीया, आणि आघात टुणकन पहिल्या अक्षरावर. मराठीत आघातानं शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे हे ऐकायला माझ्या कानाला दोन वर्षं लागली होती. त्या दिवशी मात्र ते लख्ख ऐकू आलं, आणि आठवडाभरापूर्वी शहरात मुद्रित केलेले एक रशियन भाषक आजोबा आठवले. ‘गलवा’, आघात शेवटी. द्वितीयेत ‘गोलवु’, आघात पहिल्यावर. तीच उडी!

हिवाळा विचारला. आजींचं ‘झ्येमा’, आजोबांचं ‘झिमा’. दोन्हींत आपलं हिम आणि हेमंत आहेच. प्रथमेत आघात शेवटी, द्वितीयेत सुरुवातीला. पुन्हा तीच उडी. हातासाठीचा ‘रांका’ही रशियन ‘रुका’सारखाच वागतो, पण तो मी पुराव्यात धरत नाही. त्याचा प्रथमेतला आघात लिथुआनियनमध्ये मागाहून शेवटाकडे सरकला. तो नियम स्विस भाषाशास्त्रज्ञ सॉस्यूर यांनी दाखवून दिला. ‘गल्वा’ आणि ‘झ्येमा’ यांची उडी मात्र जुनी आहे. शेजाऱ्याकडून शब्द घेता येतो. पण कुठल्या विभक्तीत आघात कुठे पडायचा, ही सगळी घडीच्या घडी उसनी आणणं मला तरी अशक्य वाटतं. हे वर्गात मी कितीदा तरी वाचलं होतं. त्या स्वयंपाकघरात चुलीशेजारी बसून ऐकताना अंगावर काटा आला.

त्या रशियन भाषक आजोबांची उडीही हीच, हे आनंदाच्या भरात मी आजींना सांगून टाकलं. त्यांचा चेहरा बदलला.

“म्हणजे आम्ही रशियनमधून आलो म्हणतेस, पोरी?”

१८६४ ते १९०४ अशी चाळीस वर्षं झारच्या राजवटीत लिथुआनियन पुस्तकं रोमन लिपीत छापायला बंदी होती. प्रशियात छापलेली पुस्तकं लोक लपवून सीमेपलीकडून आणत. आजींच्या आजोबांचं तसंच एक प्रार्थनापुस्तक अजून कपाटात आहे. त्यांनी ते फडक्यातून सोडवून मला दाखवलं. त्यांच्या प्रश्नाचं वजन मला तेव्हा कळलं.

“नाही आजी,” मी म्हटलं. “तुम्ही त्यांच्यातून नाही आलात आणि ते तुमच्यातून नाहीत. दोघींची आई एक होती. तिचं लिहिलेलं एक अक्षरही उरलेलं नाही. तुम्ही आत्ता जे म्हणालात ना, त्यातच ती थोडी उरली आहे.”

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग लॅपटॉपकडे बोट दाखवून म्हणाल्या, “लाव त्या माणसाचं.”

मी लावलं. गलवा, गोलवु. आजींचे ओठ हलले. आवाज न काढता त्या स्वतःचा शब्द म्हणून बघत होत्या.

“परत लाव,” त्या म्हणाल्या.