चार अर्जांतली एकच आजी

पहिल्या अर्जात आजी वारली तेव्हा मला वाईट वाटलं. दुसऱ्या अर्जात वारली तेव्हा मी तारीख पाहिली. चौथ्या अर्जात तीच आजी, तोच पक्षाघात, जिल्हा रुग्णालयाचा तोच व्हरांडा आणि "तिचा हात हातात धरून मी नर्स व्हायचं ठरवलं" हेच वाक्य आलं, तेव्हा मी आधीच्या सत्राच्या फायली उघडल्या. चारपैकी दोन अर्ज मीच पुढे सरकवले होते.

मी हनोईत राहतो. एका ऑस्ट्रेलियन विद्यापीठासाठी व्हिएतनाममधून विद्यार्थी मिळवणं हे माझं काम. सोलापूरला आईला मी 'मुलांना मार्गदर्शन करतो' असं सांगितलंय, पण खरा शब्द 'मिळवणं' हाच. दर सत्राला वरून आकडा येतो. बहुतेक अर्ज एजंटांमार्फत येतात. मुलाने फी भरली की पहिल्या वर्षाच्या फीतला ठरावीक हिस्सा एजंटाला मिळतो. मग मुलांचे निबंध कोण लिहितं हे विचारायची घाई कुणालाच नसते. मलाही नव्हती.

पण २०२४ साली ऑस्ट्रेलियाने दोऱ्या आवळल्या. २३ मार्चपासून 'जेन्युइन स्टुडंट' नावाची, मूल खरंच शिकायला येतंय का हे बघणारी नवी कसोटी आली, १० मेपासून एका वर्षाच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर झाली. इथल्या चलनात, डोंगमध्ये, हे सुमारे पन्नास कोटी. (इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात मी कोट्यधीश झालो होतो, त्यामुळे कोटी या शब्दाचा धाक आता राहिलेला नाही.) ज्या विद्यापीठाच्या मुलांचे व्हिसा जास्त नाकारले जातात, त्याची जोखमीची पत घसरते. वरून निरोप आला: संशय असेल तिथे समोरासमोर मुलाखत घ्या.

म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात हनोईहून सहा तास रेल्वेने विन्हला गेलो. न्घे आन प्रांताचं हे मुख्य शहर. उन्हाळ्यात लाओसकडून डोंगर ओलांडून कोरडा वारा येतो. सोलापूरच्या माणसालाही तो बोचतो. सोबत माझी सहकारी होती, जन्माने हनोईची. विन्हची बोली तिलाही दोनदा विचारून घ्यावी लागते. 'कुठे', 'का', 'असं' यांना इथे वेगळेच शब्द. सदाशिव पेठेतल्या माणसाला मालवणात सोडावं तशी तिची गत.

चौथ्या अर्जातली मुलगी हॉटेलच्या मीटिंग रूममध्ये आली. एकोणीस वर्षांची, आयइएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत साडेसहा. तिने निबंध अस्खलित म्हणून दाखवला. श्वास कुठे घ्यायचा तेही पाठ होतं. मी विचारलं, "आजी कधी गेल्या?"

ती गप्प. मग टेबलाकडे बघत म्हणाली, "ती खाली बसलीय."

तिला स्कूटरवरून हॉटेलात आजीनेच आणलं होतं, असं नंतर कळलं.

आम्ही खाली गेलो. लॉबीतल्या मखमली खुर्चीच्या अगदी कडेला एक म्हातारी बसलेली, पान खाऊन ओठ लाल, शेजारी थर्मास. आमच्याकडे बघून आधी तिने थर्मासमधला ताज्या पानांचा हिरवा चहा ओतला आणि मग पिशवीतून कू-द काढली. दोन गोल तांदळाच्या पापडांमध्ये काकवी, शेंगदाणे आणि आलं. लोणावळ्याला विकली तर कुणी 'ही चिक्की नाही' म्हणणार नाही.

माझ्या सहकारीला राहवलं नाही. "बा," ती म्हणाली, म्हणजे आजी, "अर्जात तुम्ही वारला आहात."

मला वाटलं, आता रडारड होणार. म्हातारीने नातीकडे पाहिलं, पान गालात सरकवलं आणि विचारलं, "मग माझ्या झोला जेवायला कधी बोलावताय?" झो म्हणजे आपल्या वर्षश्राद्धासारखा दिवस, पण नातलग, शेजारी, पक्वान्नं, सगळं साग्रसंगीत. सहकारी एवढी हसली की रिसेप्शनवरची मुलं बघायला लागली. मुलगी मात्र रडली.

मग खरं हळूहळू बाहेर आलं. आई अकरा वर्षं तैवानमध्ये ताइचुंगला एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करते. आंघोळ, डायपर, औषधं, रात्रीचं उठणं. मुलीला आजीने वाढवलं. व्हिडिओ कॉलवर आई एका हाताने फोन धरायची आणि दुसऱ्या हाताने त्या परक्या आजीला भरवायची. "आई करते ते काम, पण शिकून, परवाना घेऊन करायचंय," मुलगी म्हणाली. नर्सिंगला जाण्याचं इतकं साधं कारण मी त्या वर्षात दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नव्हतं.

हे का नाही लिहिलं? एजंटाच्या ऑफिसातून सांगितलं होतं, घरातलं कुणी परदेशात मजुरीला आहे असं लिहिलंस तर हीसुद्धा तिकडेच राहील असं वाटेल. त्या सल्ल्याला मी हसू शकलो नाही. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधल्या एसेक्सला एका ट्रकच्या बंद ट्रेलरमध्ये ३९ व्हिएतनामी माणसं मृत सापडली, त्यांतली बरीचशी न्घे आन आणि शेजारच्या हा तिन्हची. तेव्हापासून या प्रांताचं नाव दिसलं की आमच्याकडेही फाइल दोनदा वाचतात. मीही वाचतो.

बचतीच्या पासबुकाचंही तसंच. तीन आठवड्यांपूर्वी उघडलेलं, एकाच दिवशी पन्नास कोटी डोंग जमा. पैसे भाड्याचे, महिन्याच्या व्याजावर आणलेले. आणि गंमत म्हणजे घरात पैसे होते. आईने पाठवलेले, थोडे सोन्यात, थोडे मामाकडे, थोडे गावच्या जमिनीत. फक्त कागदावर काही नव्हतं.

परतीच्या वाटेवर सहकारीने लाकडी माशाची गोष्ट सांगितली. न्घे आनचे पंतोजी म्हणे इतके गरीब, पण इतके मानी, की परगावी जाताना पडशीत लाकडाचा मासा ठेवायचे. खाणावळीत तो वाटीत ठेवायचा, वर माशाचा फुकटचा खारट रस मागून घ्यायचा आणि भात त्याला लावून खायचा. बघणाऱ्याला वाटावं, मासा खातोय. आजही बाकीचा व्हिएतनाम न्घे आनच्या लोकांना त्यावरून चिडवतो. या घरात खरा मासा चुलीवर होता आणि एजंटाने यांना लाकडाचा विकला होता.

मी पासबुक आणि निबंध दोन्ही परत केले. खरं लिही म्हटलं, आधी व्हिएतनामीत लिही. आईचा करार, पगाराच्या नोंदी, पैसे पाठवल्याच्या पावत्या, सोनं मोडल्याचं बिल, सगळ्याची भाषांतरं आणि शिक्के. त्यात पाच आठवडे गेले. एजंटाने फोन करून मला माझं काम शिकवलं.

मधल्या काळात १ जुलै आला आणि त्याच दिवसापासून विद्यार्थी व्हिसाचं शुल्क ७१० डॉलरवरून १,६०० झालं. जुना अर्ज मी डोळे मिटून पुढे पाठवला असता तर जूनमध्येच ७१० मध्ये भागलं असतं. ज्या दोघींना मी आधीच्या सत्रात पुढे सरकवलं होतं, त्यांचं तेवढ्यातच भागलं.

वाढलेले ८९० डॉलर म्हणजे मुलीच्या आईचा ताइचुंगमधला जवळपास महिन्याचा पगार. हे सांगायला मी सहकारीमार्फत तिला फोन लावला. मागे कुणीतरी म्हातारी खोकत होती. तिने ऐकून घेतलं, थांबली, मग काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?"

"शुल्काची पावती तिला हवीय," सहकारी म्हणाली. "कागद जपून ठेवायचे म्हणते, धाकटा अजून शाळेत आहे."