चतुरांवर काम करायचंय? जाळीआधी कात गोळा करा

चतुर-टाचण्यांचा अभ्यास म्हटला की बहुतेक जण आधी जाळी घेतात. मी म्हणेन, सुरुवात कातेपासून करा, म्हणजे पाण्यातल्या अळीतून चतुर बाहेर पडताना मागे राहिलेल्या सालीपासून. उडणारा चतुर कुठूनही आलेला असू शकतो. काठाच्या गवताला चिकटलेली रिकामी कात मात्र त्याच पाण्यात अळी वाढल्याचा पक्का पुरावा असते. शिवाय एकही जीव मारावा लागत नाही!

सकाळी लवकर जा, वारा-पावसाने कात गळून पडते. गॉम्फिडी कुळातल्या पुष्कळ जाती दगड-वाळूवरच कात टाकतात, तेव्हा नुसतं गवत धुंडाळून भागत नाही. कात ओढली की पाय तुटतात, म्हणून काडीसकट कापून घ्या. पूर्ण सुकवूनच डबीत ठेवा, नाहीतर बुरशी येते.

ओळखीची किल्ली खालच्या ओठात असते. कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून कात मऊ करा, बारीक चिमट्याने ओठ पुढे घ्या आणि आतल्या बाजूचे केस मोजा. लिबेल्युलिडी कुळात हा ओठ चमच्यासारखा खोलगट असतो, एश्निडी आणि गॉम्फिडी कुळांत सपाट. मग शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा पाहा: गॉम्फिडीत 4 खंडांच्या आणि जाड, एश्निडीत 6-7 खंडांच्या आणि दोऱ्यासारख्या बारीक.

कितीतरी जातींच्या अळ्यांचं वर्णन अजून झालेलंच नाही. नव्या अभ्यासकाला खरा वाव इथे आहे. पंखांचे कोष फुगलेली, म्हणजे शेवटच्या अवस्थेतली अळी आणून वाढवा. प्रत्येकीला वेगळी बरणी द्या, एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात. पाण्याबाहेर येणारी खरखरीत काडी हवीच. गुळगुळीत काचेवरून घसरली की पंख चुरगळलेले राहतात. बाहेर आलेल्या चतुराला निदान एक दिवस अंग कडक होऊ द्या. कात आणि चतुर, दोघांना एकच क्रमांक. ही जोडी तुटली की सगळी मेहनत वाया.

मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय या पाण्यातच वाढणाऱ्या इतर कीटकांच्या अळ्याही ओळखायला शिका. नद्यांच्या पाणी-तपासणीच्या कामात चतुरांइतकीच त्यांचीही गरज पडते.

अळ्या 80 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा आणि ते दुसऱ्या दिवशी बदला, कारण अंगातल्या पाण्याने ते पातळ होतं. प्रौढ चतुर 12 ते 24 तास अ‍ॅसिटोनमध्ये ठेवला की रंग बराच टिकतो. जवळपास आग नको. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि ठिकाण-तारीख गेलेल्या नमुन्याचा संशोधनाला काही उपयोग नसतो.